आवाजाला हात लावायचा नाही

अगं पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री पावणेबाराला आला. तो मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा तू काय बोलतेयस त्यापेक्षा त्या आवाजाकडेच लक्ष गेलं माझं, रडून बसलेला होता तरी. "काका, आवाज बदलता येतो का, म्हणजे ऑपरेशन वगैरे करून?" फोन उचलला असता तर ओरडलो असतो म्हणून लिहितोय. लिहिताना पण ओरडेनच बहुतेक.

कोजागिरीला गंगापूर रोडच्या त्या सोसायटीतला गाण्याचा कार्यक्रम संपल्यावर मसाला दुधाची लाइन बरोबर माझ्या साउंड मिक्सरच्या टेबलाला चिकटून होती. तू गेटपाशी रिक्षाची वाट बघत होतीस, मी वायरी गुंडाळत होतो, त्यामुळे तुझ्या कानावर अर्धं आलं आणि माझ्या कानावर सगळं. जांभळ्या साडीतल्या बाई म्हणाल्या, "काय तो पुरुषी आवाज, डोळे मिटले की वाटतं कुणी बाप्या गातोय." हे तू ऐकलंस. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाई काय म्हणाल्या ते ऐकायच्या आत तुझी रिक्षा आली. त्या म्हणाल्या, "मला तर काटा आला हो अंगावर, माझी मुलगी हाका मारतेय आणि मला ऐकूच येत नव्हतं." मग जे जुंपलं ते दुधाचं पातेलं रिकामं होईपर्यंत. त्या दिवशी आठ जण गायले. उरलेल्या सात जणांविषयी त्या लाइनीत एक शब्द नाही, सगळ्यांना "छान झालं हं" एवढं वाटून लोक घरी गेले. तुला नावं ठेवायला आणि तुझी बाजू घ्यायला माणसं दूध थंड करत उभी राहिली. ते सोडून तू ऑपरेशनचं विचारतेस.

तर आधी एकच गोष्ट. आवाजाला हात लावायचा नाही. सुराला लाव, दमाला लाव, शब्दांना लाव, आवाजाला नाही.

ऑपरेशन म्हणजे काय नळाचा वॉशर आहे का गं? १९९७ साली 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या ज्युली अँड्र्यूजसारख्या बाईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा गाता आवाज परत आला नाही. आणि उलटं बघायचं तर शास्त्रीय गाणाऱ्या गंगूबाई हनगल. टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, आवाज जाड झाला, खाली उतरला, बायकी म्हणतात तसला राहिलाच नाही. त्यांनी तो परत बारीक करायचा खटाटोप केला नाही, आहे त्या आवाजात गुरू सवाई गंधर्वांची तालीम भरली आणि ९६ वर्षांच्या होऊन गेल्या तेव्हा त्या आवाजाला पुरुषी म्हणणारे कोण होते हे कुणाला आठवत पण नव्हतं. उषा उथुपला शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, आवाज बसत नाही म्हणून. बेगम अख्तरचा आवाज वर जाताना मध्येच चिरायचा, आणि लोक ती चिरण्याची जागा कधी येते याची वाट बघत बसायचे, आता बोल.

कुमार गंधर्वांचं तर आमच्याच घरात झालं. क्षयाने आजारी पडून ते १९४८ च्या सुमारास देवासला गेले, काही वर्षं गाणंच बंद, उठले तेव्हा पहिला दमसास नाही. मग लहान लहान तुकड्यांत, एकदम फेकल्यासारखा सूर, मध्येच शांतता. आमचे वडील म्हणायचे हे खरं गाणं, धाकटे काका म्हणायचे हा ठसका लागल्यासारखा आवाज मी पैसे देऊन ऐकू का. एकदा मैफलीहून येताना दोघं भांडले आणि काका स्कूटरवरून उतरून शालिमारपासून पंचवटीपर्यंत चालत आले. पण गंमत अशी की काका पुढच्या वेळी परत गेलेच होते ऐकायला, शिव्या घालायला का होईना.

आणि "सहन होत नाही" म्हणणारी माणसं प्रत्येक वेळी आवाजाबद्दलच बोलत असतात असं नाही हं. प्रल्हाद शिंद्यांचा तो खडा, उंच आवाज आमच्या कॉलेज रोडच्या काही घरांत कर्कश म्हणून बंद करायचे, आणि आषाढी आली की त्याच घरांच्या खालच्या मंडपात तोच आवाज दिवसभर वाजायचा. तो आवाज कुठल्या वस्तीतून येतो हे त्यांना खुपत होतं, कानाला काही होत नव्हतं. बाईचा आवाज जाड असला की खुपतं तेही त्यातलंच.

कानाचं पण सांगतो, तीस वर्षं साउंड करतोय. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. तुझ्या आवाजातली ती खरखर बरोबर तिथे बसते, म्हणून तू हळू गायलीस तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जातेस. ज्याला आवडते त्याला ती धार वाटते, ज्याला नाही त्याला पाटीवर नख ओढल्यासारखं होतं. जागा एकच आहे. एक काढलीस की दुसरी पण गेली. आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचाच आवाज परका वाटतो म्हणालीस ना, तो सगळ्यांनाच वाटतो, आपण स्वतःला हाडांतूनही ऐकतो आणि माइकला हाडं नसतात.

आता माझं ऐक. मला पण आवाज होता, घोगरा. १९८७ साली कॉलेजच्या स्पर्धेत एक परीक्षक प्रेमाने म्हणाले, तुझ्या आवाजाला आकार नाही, एखादा चांगला आवाज डोळ्यासमोर ठेव. मी मुकेश ठेवला. सहा महिन्यांत असा मुकेश काढायला लागलो की ऑर्केस्ट्रावाले घरी आले. नाशिक, सिन्नर, निफाड, येवला, लग्नं, गणपती, सगळीकडे. स्टेजमागच्या कापडावर "व्हॉइस ऑफ मुकेश" आणि खाली काही नाही. मालकाच्या वहीत पण सही करायला गेलो की नाव असायचं "मुकेश - ४०". मी सहा वर्षं मुकेश अशी सही केली. खुद्द मुकेश सुरुवातीला सैगलच्या ढंगात गायचे, १९४५ साली नाव झालं ते तशाच गाण्याने, आणि ते सैगलपण सोडलं तेव्हा कुठे ते मुकेश झाले. त्यांना पण सुराला कच्चे म्हणणारे होतेच आयुष्यभर. म्हणजे जो माणूस नक्कल सोडून मोठा झाला त्याची नक्कल करत मी बसलो. नंतर एकदा घरात एकटा असताना माझ्या आवाजात गाऊन बघितलं तर तो सापडेना, तोंड उघडलं की मुकेशच बाहेर.

मग साउंडच्या धंद्यात आलो. संसार होता, आईचं औषधपाणी होतं, गाण्याने काय भागतंय. वसंतराव देशपांड्यांनी पण कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलीच की, 'कट्यार काळजात घुसली' नाटकात खाँसाहेबांची भूमिका मिळाली तेव्हा सत्तेचाळिशीचे होते. हे मी लोकांना नेहमी सांगतो. ते नोकरी करताना गायचे आणि मी गाणं सोडलं होतं, हा भाग सांगत नाही. जाऊ दे.

पण तुला नुसतं कुरवाळायला लिहीत नाहीये. तू बेसूर झालीस त्या दिवशी. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, तिन्ही वेळा खाली लागला, बारीकसाच, पण लागला. आणि ते "माझी स्टाइल आहे" म्हणून खपवायचं नाही, माझ्याकडे तर अजिबात नाही. वादग्रस्त आवाजवाल्याला तर सुरात तसूभर पण सूट नसते, लोक टपलेलेच असतात. गंगूबाईंना लोक पुरुषी म्हणाले, बेसूर कुणी म्हणालं नाही. आवाजाला हात लावायचा नाही याचा अर्थ रियाजाला सुट्टी असा काढलास तर चपलेने मारीन.

आणि ते का झालं ते पण मला माहितीये. पेटीवाल्याने काळी पाचची उंच पट्टी धरली कारण सगळ्या मुली तिथेच गातात, आणि तू बावळटासारखी हो म्हणालीस. तुझी पट्टी पांढरी चार आहे, कदाचित त्याच्याही खाली. वर ताणून ताणून गळा आवळतेस, मग आवाज कर्कश होतो, मग तुला वाटतं आवाजच वाईट. असंच आवळून बारीक काढत राहिलीस तर स्वरयंत्रावर गाठी येतील. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, तेव्हा लाजायचं नाही. जांभळी साडी काय म्हणाली म्हणून जायचं नाही.

अजून एक सांगायचंय, ते खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं. साउंड चेक झाल्यावर आयोजक माझ्याकडे आले होते, "त्या मुलीला जरा गोड करा हो." आणि मी केलं. तुझ्या चॅनलचा मिडचा नॉब तीन हजार हर्ट्झवर नेऊन सहा डीबी खाली ओढला, म्हणजे तुझी तीच धार कापली. बिल त्यांनी द्यायचं असतं, मोसमाला चार कार्यक्रम त्यांच्याकडून येतात, शिवाय खरं सांगू, मला पण क्षणभर वाटलं की बरं वाटतंय कानाला. पहिलं गाणं तू तशीच गायलीस. कुणी मान वर केली नाही, पोरं पळत होती, माझा हेल्पर मोबाइल बघत होता. दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यानंतर मी तो नॉब परत जागेवर आणला. पुढच्या रांगेतले एक जोडपं उठून गेलं, आणि कडेला उभा असलेला वॉचमन होता ना, तो येऊन रिकाम्या खुर्चीवर बसला.

रविवारी सकाळी सातला सातपूरच्या गोडाऊनवर ये. आवाज ऐकायला मी आहे, पेटी आहे, तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी चारवर लावून ठेवतो. हळद-मध-ज्येष्ठमध असलं काही आणू नकोस, वही आण. आधी अर्धा तास नुसता खर्ज, खालचे सूर.

तुझा
साउंडवाला काका