लघवीची पिशवीच खराब, मग माझी किडनी टिकेल का?

प्रत्यारोपणाआधी मुलांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. सोहमच्या (नाव बदललं आहे) आईने पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, ज्या पिशवीपायी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तिलाच माझी किडनी जोडणार. मग ती तरी कशी टिकायची?"

शंका रास्तच होती. सोहम दहा वर्षांचा. जन्मतःच मूत्रमार्गात पडदे होते. हा दोष मुलग्यांमध्येच आढळतो. तान्हा असतानाच दुर्बिणीतून ते काढले आणि घरच्यांना वाटलं, संपलं. पण पोटात असल्यापासून अडलेल्या लघवीशी झगडून पिशवीची भिंत जाड आणि ताठर झाली होती. अशा पिशवीत थोडी लघवी साठली तरी दाब चढतो आणि तो वर किडनीपर्यंत पोहोचतो. पडदे गेले, दाब राहिला.

म्हणून आधी पिशवी, मग किडनी. युरोडायनॅमिक तपासणीत पिशवीत किती मावतं आणि कितीला दाब वाढतो ते कळतं. बऱ्याच मुलांचं पिशवी सैल करणारं ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध आणि दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढणं, एवढ्यावर भागतं. सोहमचं भागलं नाही. आतड्याचा तुकडा जोडून त्याची पिशवी मोठी केली आणि नळी घालायला अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड बेंबीत काढलं. फ्रान्सच्या मित्रोफानॉफ यांनी 1980 मध्ये मांडलेली ही पद्धत. आतड्यातून चिकट स्राव येत राहतो, म्हणून पिशवी नियमित धुवावी लागते, नाहीतर खडे होतात. हे सगळं अंगवळणी पडल्यावरच प्रत्यारोपण झालं, आईच्याच किडनीने. (आजी "माझी घ्या" म्हणत होती. 2011 च्या दुरुस्तीपासून कायद्याने आजी-आजोबांनाही जवळचे नातेवाईक मानलंय, पण तिचा मधुमेह आड आला.)

आईला मी सांगितलं ते असं: पिशवी नीट तयार केली आणि पुढे सांभाळली, तर अशा मुलांची नवी किडनी साधारण इतर मुलांइतकीच टिकते. लघवीचा जंतुसंसर्ग मात्र जास्त वेळा होतो, त्यामुळे ताप आला की घरगुती उपाय करत बसायचं नाही. आणि जन्मभराची हमी कोणत्याच बसवलेल्या किडनीला नसते.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "किडनी बसल्यावर नळी सुटेल ना?" नाही. हे मी गुळमुळीत बोलत नाही, कारण खरा धोका नंतरच असतो. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) उतरतं, पोराला भूक लागते, ते खेळायला पळतं, आणि नळीची वेळ टळायला लागते. नवी किडनी भरपूर लघवी करते; पिशवी तुडुंब राहिली की पुन्हा तोच दाब. गोळ्या चुकवू नका हे सगळेच बजावतात, नळीबद्दल तितक्या कळकळीने कोणी बोलत नाही.

त्यामुळे माझं निम्मं बोलणं सोहमशीच झालं. त्याला एकच काळजी होती: "वर्गात कळेल का?" बेंबीतली वाट असल्याने त्याला चड्डी उतरवावी लागत नाही, शर्ट वर केला की झालं. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतलं, शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची मुभा मिळाली आणि मनगटावर थरथरणारं घड्याळ आलं. आईला नळीपासून लांब ठेवणं सगळ्यात अवघड गेलं. इतकी वर्षं तीच घालत होती. पण बारा-तेराव्या वर्षी मुलगा आईला हात लावू देणार नाही, तेव्हा शिकवायला उशीर झालेला असतो.

आता तो स्वतः करतो. चुलत्यांना घरच्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि मीही त्याचा आग्रह धरलेला नाही.