विद्यापीठाच्या संगीत विभागाने 'संगीत संशयकल्लोळ' बसवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत मुंबईतल्या नाट्यगृहात प्रयोग आहे, १६ आठवडे हातात आहेत, गाणारी मुलं भरपूर आहेत, पण नाटकात काम कुणीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करावी आणि गाडी कुठे घसरते, हा प्रश्न.

सुरुवात गद्यापासून करा. संगीत विभागात उलटं होतं: पदं येतात म्हणून पदं आधी बसतात आणि मधलं बोलणं शेवटच्या पंधरवड्यात उरकलं जातं. मग प्रयोगात गाणी छान होतात, टाळ्या पडतात, पण हसू येत नाही. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मुळात गद्य लिहिलं होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने, १८९३ मध्ये. पदं नंतर आली आणि संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगमंचावर आणलं. आणखी मागे गेलात तर आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक आणि त्याच्यामागे फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६० चं प्रहसन. थोडक्यात, या गोष्टीचा सांगाडा पदांशिवाय उभा राहून लोकांना हसवत आलेला आहे. तालमीही त्याच क्रमाने घ्या.

पहिले ३ आठवडे नुसतं वाचन, पेटीला हात नाही. चौथ्यापासून आठव्यापर्यंत गद्य उभं करायचं, आणि पद येईल तिथे नटाने पदाचे शब्द बोलून दाखवायचे. हे मुलांना विचित्र वाटतं, पण आपण इथे गायला का लागलो हे त्यातूनच कळतं. पदांची तालीम या काळात वेगळ्या खोलीत, आठवड्यातून दोनदा. नवव्या आठवड्यापासून दोन्ही जोडा. नोव्हेंबरच्या सत्र परीक्षेत दोन-अडीच आठवडे बुडणार, ते आत्ताच कॅलेंडरवर खोडून टाका.

वाचनात एकाच गोष्टीवर डोळा ठेवा: वाक्याचा शेवट. मराठीत क्रियापद शेवटी येतं, विनोदाचा डंखही बहुतेक वेळा तिथेच असतो, आणि आजची मुलं नेमका शेवट गिळतात. नाटकातल्या संशयी नवऱ्याच्या, फाल्गुनरावाच्या, लांब वाक्यात शेवटचे दोन शब्द पडले की पुढचा हशा गेलाच. ख्याल शिकलेल्या मुलांना हे लवकर समजतं, त्यांना सांगायचं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकवू नकोस.

भूमिका वाटताना गाण्याचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमी जोडीवर असतो, त्या दोघांना विभागातून घ्या. फाल्गुनराव मात्र गळ्यावर निवडू नका. जुन्या काळचे नट गणपतराव बोडसांच्या नावाशी जोडली गेलेली ही भूमिका, सगळं नाटक तिच्या खांद्यावर उभं आहे. कॉलेजच्या एकांकिका करणारा मुलगा दुसऱ्या विभागातून उसना आणावा लागला तरी आणा. त्याला पांढरा विग आणि वाकलेली पाठ देऊ नका. संशयी माणूस थकलेला नसतो, उलट जास्तच चपळ असतो. त्याच्या बायकोचं, कृत्तिकेचंही तसंच: ती नुसती कजाग झाली की नाटक एकसुरी होतं. तिच्या बाजूने पाहिलं तर तिचा प्रत्येक संशय तर्काला धरून आहे.

आता कात्री. सगळी पदं घेतलीत तर शेवटची लोकल चुकेल. अडीच तासांच्या प्रयोगाचा हिशेब असा धरा: मध्यंतर १५ मिनिटं, पदं ४२ मिनिटं, उरलेलं गद्य. ४२ मिनिटांत १२ पदं बसतात, त्यातली १० साधारण ३ मिनिटांची आणि २ सहा-सहा मिनिटांची. या दोन ठिकाणी गळा मोकळा सोडू द्या, एक अश्विनशेठला, एक रेवतीला. 'मृगनयना रसिक मोहिनी' हे त्यातलं एक असावं, असं माझं मत. दरबारी रागाला तीन मिनिटांत कोंबणं बरं दिसत नाही. बाकीच्यांना ३ मिनिटं पुरतात का, अशी शंका असेल तर जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्या ऐका. त्यांच्या एका बाजूला जेमतेम तेवढाच वेळ मावायचा, आणि त्यात मुखडा, अंतरा, चार चांगल्या जागा सगळं येतं. संहितेतली दोन-चार ओळींची छोटी पदं मात्र कापू नका. गायला वाव नाही म्हणून मुलं ती आधी सोडून देतात, पण बोलण्यातून गाण्यात जाण्याचा पूल तीच असतात. कापायचंच असेल तर लागोपाठ एकाच पात्राची दोन पदं आहेत तिथे कापा.

सगळ्यात जास्त तालीम गद्य आणि पदाच्या या जोडाला द्या. नेहमीची चूक अशी: नट वाक्य संपवतो, थांबतो, ऑर्गनवाला सूर देतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो, मग पद सुरू होतं. एवढ्यात चार-पाच सेकंद जातात आणि फार्स थंड पडतो. वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द चालू असतानाच ऑर्गनचा सूर खालून आला पाहिजे. त्यासाठी ऑर्गनवाल्याच्या संहितेत प्रत्येक पदाआधीचा शब्द लाल पेनने खुणावलेला हवा आणि गद्याच्या तालमींनाही त्याने बसायला हवं. पद संपल्यावरचा जोडही तितकाच नाजूक. टाळ्या उतरायला लागल्या की पुढचं वाक्य टाकायचं, पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं नाही. आणि एक जण गात असताना दुसरा काय करतो, हे प्रत्येक पदासाठी ठरवून टाका. नाहीतर तो खांबासारखा उभा राहतो आणि पाहुणे आल्यासारखा हसरा चेहरा ठेवतो.

पट्टीचा, म्हणजे कुठला सूर सा धरून गायचं याचा, घोळ मुलामुलींच्या नाटकात हमखास होतो. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत, अश्विनशेठ काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गाणार, रेवती काळी चार-पाचमध्ये. ऑर्गनवाला पट्टी बदलेल, तबला कसा बदलणार? दोन दायाँ, म्हणजे उजव्या हाताचे तबले, ठेवा: काळी एकचा लहान तोंडाचा, साधारण सव्वापाच इंची, आणि काळी चारचा त्याहून मोठ्या तोंडाचा. दोन्ही आधीच लावलेले. ज्या पदाला कुठला, ते तबलजीच्या कागदावर लिहिलेलं. दोघांचं एकत्र पद असेल तर मधली पट्टी ठरवा, पण ती गळ्यावर बसायला महिना लागतो, म्हणून हे चौथ्या आठवड्यातच ठरलं पाहिजे.

पायपेटीचा ऑर्गन मिळाला तर उत्तम, कारण पाय भाता सांभाळतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात, सूर अखंड टिकतो. पण जुने ऑर्गन आजच्या पट्टीत असतीलच असं नाही. आधी ट्यूनरवर तपासा आणि मग तबला त्याला लावा. मुंबईच्या दमट हवेत बोटांखालच्या लाकडी पट्ट्या फुगून अडकतात, भाता गळतो. म्हणून प्रयोगाच्या आठवडाभर आधी एकेक सूर वाजवून पाहा. उचलायला चार माणसं लागतात हेही टेम्पो ठरवताना लक्षात ठेवा. नाहीच मिळाला तर हार्मोनियमपेक्षा ऑर्गनचा आवाज लावलेला कीबोर्ड आणि आवाज कमी-जास्त करणारं पेडल बरं. तानपुऱ्याचं ॲप नको, गद्य चालू असताना ते मागे घोंघावत राहतं.

तबल्याची हवामानाशी दुश्मनी आहेच. दमट हवेत कातडं सैलावतं, सूर उतरतो. थंड कोरड्या एसीत तेच ताणतं, सूर चढतो. तबले किमान दीड तास आधी सभागृहात एसी चालू असताना ठेवा आणि मध्यंतरात पुन्हा पाहा.

तसबीर. हे नाटक तिच्याभोवती फिरतं आणि तीच बहुतेक वेळा हरवते. पोस्टकार्डाएवढी ठेवू नका, पंधराव्या रांगेतून दिसत नाही. सहा बाय आठ इंच, चौकटीत, काच काढलेली, कारण काचेवर दिव्याची तिरीप येते. चित्र तुमच्या अश्विनशेठचंच हवं, त्याच पगडीत. दोन प्रती करा. रेवतीच्या हातून पडल्यापासून ती कुणाच्या हातात, कुठल्या विंगेतून आत, कुठून बाहेर, हे प्रवेशवार एका कागदावर लिहून दोन्ही विंगांत चिकटवा आणि एकच माणूस तिच्यासाठी नेमा. रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव सावरतो आणि कृत्तिका ते पाहते, त्या प्रवेशात कृत्तिकेला पाहायला खरोखर उंच जागा द्या. सपाट रंगमंचावर ती फाल्गुनरावाच्या शेजारीच उभी दिसते, आणि मग तिने काय पाहिलं नि काय नाही, हे प्रेक्षकाला पटत नाही.

माइकचा आवाज गाण्यावर लावा, बोलण्यावर नाही. उलटं केलंत तर पहिल्या तानेला आवाज फाटतो. मागच्या बाजूला उभ्या गायकाला ऑर्गन ऐकू येत नाही, तेव्हा विंगेत एक छोटा स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवा. नऊवारी पहिल्यांदाच नेसणाऱ्या मुली कंबर करकचून बांधतात आणि तिसऱ्या ओळीला श्वास संपतो. दहाव्या आठवड्यापासून तालमीत नऊवारी नेसूनच गायला लावा, पुरुषांना पगडी त्याच दिवशी.

कागदपत्रांत एकच महत्त्वाचं: प्रयोग सगळ्यांसाठी खुला असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते तुम्ही कापलेल्या संहितेसह मागायचं. म्हणून कात्री सहाव्या आठवड्यापर्यंत संपवा. देवल १९१६ मध्ये गेले, त्यांच्या संहितेवर आता कुणाचा हक्क नाही, पण नंतर कुणी प्रयोगासाठी केलेली रंगावृत्ती किंवा नव्या चाली वापरणार असाल तर परवानगी घ्या.

आणि वन्स मोअर. मित्रमंडळींनी भरलेल्या सभागृहात तो प्रत्येक पदाला येतो. आधीच ठरवा: फक्त त्या दोन मोठ्या पदांना, आणि तेही पुन्हा सगळं नाही, अंतरा आणि मुखडा. कुठल्या पदाला द्यायचा ते ऑर्गनवाल्याच्या कागदावर लिहिलेलं असू द्या, गायकाच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ठरवायचं नाही.