सतरा सप्टेंबरच्या भाषणाआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला कॉलेजात ‘युद्ध आणि विश्वशांती’ यावर आठ मिनिटं बोलायचं म्हणून काढलेलं टिपण वाचलं. भाषा छान आहे. पण त्यात बुद्ध आहेत, गांधी आहेत, पांढरं कबुतर आहे, आणि ज्याला कोणी हरकत घेईल असं एकही वाक्य नाही. मग शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारील, ‘मग रझाकारांना काय हात जोडायचे होते का?’ तिथं तू अडशील. म्हणून सुरुवातच या प्रश्नानं कर.

उत्तर सरळ दे: नाही. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. गावं लुटली जात होती, माणसं मारली जात होती, लोक घरदार सोडून हैदराबाद संस्थानाच्या हद्दीबाहेर जाऊन राहत होते. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील. अन्याय थांबवायला कधी कधी बळ लागतं, हे नाकारून शांततेची बाजू मांडता येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज संस्थानात शिरली, यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात, आणि १७ तारखेला निजामानं हार मानली. बहुतेक भाषणं इथं टाळ्या घेऊन खाली बसतात. तुझं खरं भाषण इथून सुरू व्हायला हवं.

पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर जे घडलं, त्याची पाहणी करायला केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले कितीतरी कधीही रझाकार नव्हते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. त्याच अहवालात हेही आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यापायी त्यांच्यातल्या काहींचा जीव गेला. हे वाचताना घाई करू नकोस. आधी रझाकारी सांग, मग हे सांग. एक झाकून दुसरं सांगितलंस तर तू कोणत्या तरी बाजूची वकील ठरशील.

तुझा मुद्दा यातूनच निघतो. गुन्हा माणसाचा असतो, युद्ध तो गावाचा, जातीचा, देशाचा करतं. १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ३३ वं कलम नेमकं हेच रोखायला आहे: स्वतः न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा कोणालाही नाही, सामूहिक शिक्षा नाही. पण कलम कागदावर राहतं, कारण आजची बरीच हत्यारं माणूस पाहून मारणारी नाहीतच. हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यांत शाळकरी मुलं होती, कोरियातून आणलेले मजूर होते.

श्रोत्यांत शेतकऱ्यांची पोरं असतील, त्यांना सुरुंगाचं सांग. माणसासाठी पेरलेला सुरुंग जमिनीत जेमतेम काही बोटं खोल असतो. पाच-दहा किलोचा दाब पुरतो, म्हणजे लेकराचा पाय पुरतो. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू इतका कमी, की धातू शोधणाऱ्या यंत्राला तो चटकन सापडत नाही. पुरानं तो जागा सोडतो, मग नकाशाही खोटा ठरतो. काढणारा माणूस आधी सुरुंगाला जोडलेल्या तारा बघतो, गवत कापतो, यंत्र फिरवतो, खूण करतो आणि मग सळई साधारण तीस अंशांत तिरपी घालत बाजूनं चाचपतो. सरळ वरून दाबली तर स्फोट. असं करत एक गुंठा मोकळा व्हायला एका माणसाचे सहज काही दिवस जातात. लाओसवर अमेरिकेनं १९६४ ते १९७३ मध्ये वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतल्या क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या छोट्या गोळ्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत, आणि तिथं आजही नांगरताना माणसं मरतात. २००१-०२ मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर युद्ध झालंच नाही, तरी शेतांत पेरलेल्या सुरुंगांनी जवान आणि शेतकरी दोघांचे बळी घेतले.

आता शांतता. ‘मनं जुळली पाहिजेत’ हे वाक्य खोड. मनं न जुळताही टिकते ती व्यवस्था दाखव. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्ताननं ३१ डिसेंबर १९८८ ला केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिली. प्रेम नाही, तारीख आहे. रासायनिक अस्त्रांच्या करारात तर परक्या निरीक्षकांना कोठारापर्यंत जाता येतं. भारतानं आपला जाहीर केलेला साठा २००९ मध्ये त्यांच्या देखत संपवला. करार बहुधा मोडतो तो तपासणी नसते तिथं, किंवा भीती परत येते तेव्हा. १९९७ च्या सुरुंगबंदीच्या करारात भारत, चीन, अमेरिका, रशिया कधी आलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये रशियाच्या धास्तीनं फिनलंड, पोलंड यांनी बाहेर पडायचं ठरवलं. सिंधू पाणी करार तीन युद्धांतून टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतानं स्थगित केला. हे लपवू नकोस.

कोणी युद्ध मागितलं, की त्याला विचारायचं: कारण काय, दुसरे मार्ग खरंच संपले का, थांबायचं कुठं, आणि जिंकल्यावर तिथल्या निरपराधांचं रक्षण कोण करणार? दुसऱ्या प्रश्नात सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं. २००३ मध्ये निरीक्षक इराकमध्ये शोध घेतच होते, तरी युद्ध सुरू झालं. ज्या अस्त्रांसाठी झालं, त्यांचे साठे सापडलेच नाहीत. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही. आपल्याकडं तोच राहून गेला.

जवानांबद्दल एक शब्दही वावगा नको. समोर बसलेल्यांपैकी कोणाचा तरी भाऊ फौजेत असणारच, आणि स्वसंरक्षणाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमातही आहे. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ दाखवायचा मोह टाळ. व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाईची म्हणून फिरतात. दाखवायचाच असेल तर आधी त्यातलं एखादं चित्र गुगलवर टाकून ते मूळ कुठलं आणि कधीचं ते बघ.

आठ मिनिटांतली तीन मराठवाड्याला दे, दोन सुरुंगाला, बाकी करारांना आणि प्रश्नांना. २७ ते ४० हजार हा समितीचा अंदाज आहे, मोजदाद नाही, तेव्हा ‘इतके मेले’ असं न म्हणता ‘समितीचा अंदाज असा’ म्हण. कोणी आकड्यावरून हुज्जत घातलीच, तर आवाज चढवू नकोस. आकडा कुठून घेतला ते सांग आणि पुढच्या वाक्याला लाग.

तुझे,
काका