वकिलाने कायदेविषयक संशोधनासाठी चॅटजीपीटीवर विसंबून राहावे का, आणि त्यात अशिलाच्या माहितीला धोका आहे का?

शोधाची दिशा मिळवण्यासाठी जरूर वापरावे. मात्र त्याने सुचवलेला एकही निवाडा मूळ निकालपत्र वाचल्याशिवाय न्यायालयापुढे ठेवू नये. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील 'माटा विरुद्ध एव्हियांका' प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले होते. त्यांपैकी 'वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स' हा निवाडा खरा आहे का, असे चॅटजीपीटीलाच विचारले असता त्याने होकार दिला, आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. चॅटजीपीटीसारखे एआय मॉडेल पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत मजकूर रचते, त्यामुळे त्याची खात्री हा पुरावा ठरत नाही.

भारतात पडताळणी तुलनेने सोपी आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर पोर्टलवर विनामूल्य वाचता येतात. तेथे केवळ निवाडा सापडला म्हणून थांबू नये, तर संबंधित परिच्छेदही वाचावा. निकालपत्रात पक्षकारांचे युक्तिवादही नोंदवलेले असतात आणि तेच न्यायालयाचे मत म्हणून चॅटजीपीटीच्या सारांशात उतरू शकतात. माझ्या मते खोट्या निवाड्यापेक्षा ही चूक अधिक घातक आहे, कारण ती सहजासहजी पकडली जात नाही.

सुरक्षेबाबत म्हणाल तर धोका आहे. सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकलेली कागदपत्रे त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात. म्हणून नावे, पत्ते, आधार व खाते क्रमांक काढून केवळ कायद्याचा प्रश्न विचारावा.