ग्रंथपालबाईंना विचारा : चेटकिणींचं कपाट

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत गूढविद्येचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. चार पत्रं निवडली आहेत.

माझी मुलगी १९ वर्षांची, पुण्याला वसतिगृहात राहते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत मिठाची पुडी, दोन काळ्या मेणबत्त्या आणि स्कॉट कनिंगहॅम यांचं 'विक्का' नावाचं इंग्रजी पुस्तक सापडलं. विचारलं तर म्हणते, "आई, हा एक धर्म आहे." ही काळी जादू आहे का? पुस्तक सध्या मी लपवून ठेवलंय. – एक आई, नागपूर

ताई, आधी पुस्तक जिथून उचललंत तिथे ठेवून द्या. लपवलेलं पुस्तक मुलं दुप्पट लक्ष देऊन वाचतात, हे मी तीस वर्षं पाहिलंय.

कनिंगहॅमचं हे पुस्तक १९८८ सालचं आहे. विक्का, म्हणजे आजच्या काळातला चेटकिणींचा पंथ, एकट्यानं आचरणाऱ्यांसाठी लिहिलेलं. त्यात देवी आणि देव अशी दोन रूपं मानतात, चंद्राच्या कला पाहतात, वर्षातून आठ सण करतात. ३१ ऑक्टोबरचा सण मेलेल्यांच्या आठवणीचा असतो, म्हणजे आपली सर्वपित्री समजा. सैतान या धर्मात नाहीच. सैतान मानायला आधी ख्रिस्ती असावं लागतं. मुख्य नियम एवढाच की कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर. आणि मिठाचं म्हणाल तर, पोरीची दृष्ट काढताना तुम्ही काय ओवाळून टाकत होतात? मीठ-मोहऱ्याच ना? तिनं मोहऱ्या वगळल्या, इतकंच.

आता मुलगी म्हणते तो 'धर्म' किती जुना, ही गोष्ट मजेची आहे, आणि यात मी स्वतः फसलेली आहे. १९८४ च्या सुमारास एका वकिलांच्या घरून आमच्या लायब्ररीला पाच खोकी पुस्तकं दान आली. त्यात, ज्यानं विक्का लोकांपुढे आणला त्या जेराल्ड गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' होतं. गार्डनर हा इंग्रज गृहस्थ. दम्याचा विकार. उमेदीची वर्षं सिलोन, बोर्निओ, मलाया इथे रबराच्या मळ्यांवर आणि पुढे मलायाच्या जकात खात्यात काढली. मलायी कट्यारींवर त्यानं एक पुस्तकही लिहिलं. निवृत्त होऊन इंग्लंडला परतला आणि म्हणू लागला की १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात चेटकिणींच्या एका जुन्या मंडळानं मला दीक्षा दिली. १९५४ मध्ये हे पुस्तक काढलं. प्रस्तावना मार्गारेट मरे यांची. या मरेबाई मिसरविद्येच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या अभ्यासातल्या विदुषी, जन्म कलकत्त्याचा, १८६३ चा. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं होतं की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून जाळलं, त्या खरं तर ख्रिस्तपूर्व धर्म गुपचूप पाळणारी माणसं होती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात 'विचक्राफ्ट'ची नोंदही त्यांचीच. एवढं भारदस्त नाव प्रस्तावनेला म्हटल्यावर मी कोण शंका घेणार? मी मुकाट्यानं पुस्तकाला १३३ चा शिक्का मारला. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या पद्धतीत १३३ म्हणजे भुतंखेतं, हस्तसामुद्रिक, ज्योतिष. गार्डनर कित्येक वर्षं तळहाताच्या रेषांना खेटून उभा होता.

मरेबाईंच्या मांडणीची फोड नॉर्मन कोहन या इतिहासकारानं १९७५ मध्ये केली. खटल्यांतले कबुलीजबाब त्यानं मुळातून तपासले. त्या बायांनी, बहुतेक छळाखाली, जे कबूल केलं त्यात बैठकीला जमलो, जेवलो, नाचलो हे होतं. पण त्याच ओळींत उडत गेलो, बेडूक झालो हेही होतं. मरेबाईंनी उडण्याचे भाग गाळले आणि जेवणाचे ठेवले. उरलं ते साहजिकच इतिहासासारखं दिसू लागलं. माझ्या मते संपादनाचा इतका घातक नमुना दुसरा नसेल.

मग १९९९ मध्ये रोनाल्ड हटन यांचा 'द ट्रायम्फ ऑफ द मून' आला. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार. जन्म, योगायोग बघा, आपल्या उटीचा. त्यांनी दाखवलं की विक्का विसाव्या शतकात जुळवलेला धर्म आहे, आणि जुळवणीचे तुकडे एकोणिसाव्या शतकातल्या कवितांत, गुप्त मंडळांत, लोककथांच्या संग्रहांत सापडतात. पण हटन त्याला थोतांड म्हणत नाहीत. इंग्लंडनं जगाला दिलेला हा एकमेव धर्म, असं ते अर्धं कौतुकानंच लिहितात. ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी गार्डनरचा १३३ खोडून २९९ केला, म्हणजे 'इतर धर्म'. शिपाई विचारत होता, बाई, एवढ्या वर्षांनी हे भूत हलवताय कुठे?

तुमच्या मुलीला कनिंगहॅमच्या जोडीला हटन वाचायला द्या. जड वाटला तर मार्गो ॲडलर यांचं 'ड्रॉइंग डाउन द मून' द्या. त्या अमेरिकन रेडिओवरच्या पत्रकार आणि मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांची नात. देशभरातल्या पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणाऱ्या मंडळींच्या मुलाखती घेऊन १९७९ मध्ये त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्या स्वतः त्याच पंथातल्या, तरी 'आम्ही अश्मयुगापासून आहोत' असल्या दाव्यांना त्या हसतात. मला तो सूर फार आवडला.

काळजी दोनच गोष्टींची करा. कुणी 'दीक्षे'चे किंवा 'कोर्स'चे पैसे मागत असेल तर चौकशी करा. आणि कुठल्याही पुस्तकातली जडीबुटी पोटात जाऊ देऊ नका. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, मैत्रिणी तोडत असेल तर ती बाब निराळी. तेव्हा मेणबत्ती बघू नका, डॉक्टर बघा.

मी एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. त्यातल्या बाया स्वतःला अभिमानानं 'विच' म्हणवतात. चेटकीण लिहू की डाकीण? – धुळे

डाकीण अजिबात नको. तुम्ही धुळ्याच्या आहात, सातपुड्यात या शब्दाचा अर्थ काय होतो ते मी तुम्हाला सांगायला नको. नंदुरबारकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध तिथे वर्षानुवर्षं राबलेत. तो शब्द बाईवर लादला जातो, आणि तुमच्या पुस्तकातल्या बायांनी आपला शब्द स्वतः उचललाय. चेटकीण म्हटलं की मुलांच्या गोष्टीतली नाकाड म्हातारी येते. एखाद्या विनोदी जागी चालेल. बाकी सरळ 'विच' लिहा, पंथासाठी 'विक्का', आणि पहिल्या पानावर दोन ओळींचा खुलासा करा. मराठी वाचक 'पोलीस' आणि 'टेबल' पचवून बसलाय, 'विच'ही पचवेल.

तुमच्या पुस्तकात ब्रिटिश कायद्याचा उल्लेख असेलच, तिथे मात्र जपून. १७३५ चा विचक्राफ्ट कायदा म्हणजे चेटकिणींना जाळण्याचा कायदा, असं अनुवादक हमखास लिहून बसतात. उलट आहे. त्या कायद्यानं चेटूक हा गुन्हाच रद्द केला आणि 'माझ्या अंगी अशी शक्ती आहे' असं सोंग करणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा फार तर एक वर्ष कैद. १९४४ मध्ये हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला त्याखाली नऊ महिने झाले. १९५१ मध्ये तो कायदा गेला आणि तीन वर्षांत गार्डनरचं पुस्तक उघडपणे बाजारात आलं. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचून बघा. त्याचा रोख पुष्कळसा त्या १७३५ च्या कायद्यासारखाच आहे, शक्तीचा दावा करून लोकांना नाडणाऱ्यांवर.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. रोमन लोकांचा मिथ्रास म्हणजे आपला वैदिक मित्र, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का? आणि प्राचीन गुप्त पंथांवर एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं? – कोल्हापूर

तुला अरे-तुरे करते, माझ्या नातवाच्या वयाचा दिसतोस.

नाव एकच, हे खरं. मित्र ऋग्वेदात आहे, पारशांच्या अवेस्तात आहे, पश्चिम आशियातल्या मितन्नी राज्याच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या करारातही वरुणाच्या शेजारी आहे. ऋग्वेदात त्याच्या एकट्याच्या वाट्याला एकच सूक्त आलंय, तिसऱ्या मंडलातलं ५९ वं. ते काढून वाच, शांत, लोकांना जोडणारा देव आहे. आता रोमन मिथ्रास बघ: जमिनीखालची अंधारी खोली, फक्त पुरुष, दीक्षेच्या सात पायऱ्या, आणि समोर बैलाच्या मानेत सुरा खुपसणारा तरुण देव. हा वृषभवध ना ऋग्वेदातल्या मित्राकडे, ना अवेस्तातल्याकडे. फ्रांझ क्युमाँ या बेल्जियन पंडितानं हा पंथ इराणातून चालत आला असं ठरवून टाकलं होतं, आणि पाऊणशे वर्षं सगळे तेच म्हणत होते. १९७१ मध्ये मँचेस्टरला मिथ्रासच्या अभ्यासकांची परिषद भरली, तिथून ते मत ढासळलं. आज बहुतेकांना वाटतं की नाव पूर्वेचं घेतलं, घर रोमनांनी बांधलं. व्याख्यात्याला हे सांग, पण चहाच्या वेळी सांग, सभेत नको.

एकच पुस्तक म्हणशील तर वॉल्टर बुर्केर्ट यांचं 'एन्शन्ट मिस्टरी कल्ट्स', १९८७. अंगानं लहान, दोन रविवारांत संपेल. इल्यूसिसच्या धान्यदेवतेचा, मद्यदेव डायोनायससचा, महामातेचा, इजिप्तच्या आयसिस देवीचा आणि मिथ्रासचा असे पाच पंथ त्यात आहेत, पण पंथागणिक प्रकरण असा सरधोपट मामला नाही. त्यांचं मुख्य म्हणणं, हे निरनिराळे धर्म नव्हतेच. चारचौघांसारखे सगळे देव पुजणारा माणूस कधी नवसाला, कधी मरणाच्या भीतीनं ही दीक्षाही घ्यायचा. बुर्केर्ट त्यासाठी स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचा दाखला देतात. आपण वारीचा देऊ. माळ घालून पंढरीला निघालेला माणूस घरच्या खंडोबाला सोडचिठ्ठी देत नाही.

इल्यूसिसबद्दल जिथे जिथे येतं ते सावकाश वाच. अथेन्सपासून साधारण वीस किलोमीटर, शरदाच्या तोंडावर लोक पायी जायचे. ग्रीक बोलता यावं आणि हातून खून झालेला नसावा, एवढ्या अटी. बायकांना मज्जाव नाही, गुलामांनाही नाही. उपास, मग सातू आणि पुदिन्याच्या जातीचा पाला घातलेलं पेय, मग रात्री मोठ्या दालनात काहीतरी दाखवायचे. काय, ते फोडणाऱ्याला देहदंड. पॉसानियस हा प्रवासी देवळादेवळांची वर्णनं लिहीत सुटलेला, तोही इथल्या भिंतीपाशी थांबतो आणि स्वप्नात मनाई झाली म्हणून पुढे लिहीत नाही. हिप्पोलिटस हा ख्रिस्ती लेखक, म्हणजे विरोधी पक्ष, म्हणतो की दाखवायचे ते निःशब्दपणे कापलेलं धान्याचं एक कणीस. हजारएक वर्षं जपलेलं गुपित, आणि कणीस! विदर्भातली माझी आजी खळ्यावर पहिली पेंढी आली की पायातलं काढून उभी राहायची, त्यामुळे मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

त्या पेयात अर्गट नावाची नशा आणणारी बुरशी होती, असं सांगणारं एक पुस्तक १९७८ मध्ये आलं. एलएसडी हे भास घडवणारं रसायन शोधणारे हॉफमनच त्याचे एक लेखक. दुसरे वासन, ज्यांनी दहा वर्षं आधी आपला सोम म्हणजे अळंबी असं लिहिलं होतं. वाचायला झकास, पुरावा तोकडा. परीक्षेत लिहू नकोस.

आणि मूळ काही वाचायचं असेल तर आप्युलेयुस या रोमन लेखकाची गाढव झालेल्या माणसाची कादंबरी वाच. पूर्ण टिकून राहिलेली ही एकमेव लॅटिन कादंबरी. दहा भाग चावटपणा चालतो आणि अकराव्यात आयसिसची दीक्षा. मी पहिल्यांदा वाचताना दहाव्या भागात बंद करून ठेवली होती, ती चूक तू करू नकोस.

फ्रेझर यांच्या 'गोल्डन बाउ'चा बारा खंडांचा संच रद्दीवाल्याकडे आहे, घेऊ का? – ठाणे

नका. १९२२ ची एका खंडातली संक्षिप्त आवृत्ती पुरते. फ्रेझर केंब्रिजमध्ये खुर्चीत बसून जगभरच्या चालीरीती पत्रांतून आणि पुस्तकांतून गोळा करत राहिले; एकाही रानात गेले नाहीत. त्यांच्या नंतर दा. ध. कोसंबींचं 'मिथ अँड रिॲलिटी' उघडा, पुण्याभोवतीच्या देवींची ठाणी पायी हिंडून लिहिलेलं, फरक आपोआप कळेल. शिवाय बारा खंड सबंध फळी अडवतात, आणि वाळवी एका खंडाला लागली की ती बाराव्यापर्यंत थांबत नाही. आमच्या लायब्ररीतला संच तसाच गेला, २००५ च्या पावसाळ्यात.