टेनिस कोर्टचे फुगे फोडू नका, आधी संयुक्त पाहणी करून घ्या

नमस्कार ताई,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. पुण्याजवळच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तुम्ही सचिव. गेल्या वर्षी मे महिन्यात संस्थेने ठेकेदाराकडून काँक्रीटवर अ‍ॅक्रिलिकचं टेनिस कोर्ट बांधून घेतलं. ठरले १४ लाख, दिले १२ लाख ६० हजार, बाकीचे १० टक्के राखून ठेवले. पहिल्याच पावसात रंगाखाली फुगे आले, बेसलाइनपाशी पोपडे सुटले. "पाऊस थांबला की करून देतो," असं व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत ठेकेदाराने वर्ष काढलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: देखभाल तुम्हीच केली नाही, राखीव रक्कम व्याजासह द्या. आणि दिवाळीच्या स्पर्धेआधी दुसऱ्या माणसाकडून वरचा थर काढून नवा मारून घ्यावा, असा कमिटीचा आग्रह आहे.

हा आग्रह आत्ता मोडून काढा. तुमचा पुरावा त्या रंगाखाली आहे. काँक्रीटच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा थर अंथरला नसेल, तर जमिनीतली ओल वर चढते आणि अ‍ॅक्रिलिकला खालून ढकलते. स्लॅब पुरता वाळण्याआधी रंग मारला तरी हेच होतं. काँक्रीटला साधारण २८ दिवस द्यावे लागतात. ही दोन्ही कारणं बांधकामातली आहेत. झाडलोट, धुणं, बुटांचे नियम यांचा त्यांच्याशी संबंध नाही. पण एकदा थर खरवडला की हे दाखवणार कशातून?

म्हणून ठेकेदाराला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने कळवा: अमुक तारखेला संयुक्त पाहणी आहे, हजर राहा, न आल्यास पाहणी तुमच्याविना होईल. त्या दिवशी संस्थेशी किंवा दुसऱ्या ठेकेदाराशी संबंध नसलेला स्थापत्य अभियंता बोलवा. स्लॅबमधून दोन-तीन ठिकाणी कोअर (आरपार कापलेला गोल नमुना) काढून जाडी, खालचा थर आणि मुरूम पाहायला सांगा. तुमच्याकडे काळी माती आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती पुरेशी काढून मुरूम भरला होता का, हा प्रश्न अहवालात यायलाच हवा. कोर्टवर पाणी सोडून तासाभराने डबकी कुठे राहतात त्याचे फोटो काढा. उताराचं मापही घ्या. एकाच दिशेला साधारण शंभराला एक उतार अशा कोर्टला लागतो.

आणखी एक कागद बहुतेक संस्था विसरतात: गेटवरचं रजिस्टर. काँक्रीटचा मिक्सर कोणत्या तारखेला आत आला आणि अ‍ॅक्रिलिकचे ड्रम कधी आले, हे वॉचमनच्या अक्षरात तिथे लिहिलेलं असतं. मधले दिवस २८ पेक्षा बरेच कमी निघाले, तर रंग घाईने मारला हे ठेकेदाराला नाकारणं अवघड जाईल. ते रजिस्टर आजच कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मूळ फोनवर जपा आणि त्यांच्या प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र जोडा.

आता दाद कुठे मागायची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'व्यक्ती'च्या व्याख्येतच सहकारी संस्था आहे, त्यामुळे तक्रार संस्थेच्या नावाने करता येते. तुम्हाला अधिकार देणारा कमिटीचा ठराव मात्र हवा. मोजली जाते ती दिलेली रक्कम, आणि ५० लाखांपर्यंत तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. १० ते २० लाखांच्या टप्प्यात शुल्क फक्त ४०० रुपये आहे. ठेकेदाराचं कार्यालय मुंबईत असलं तरी तक्रार पुण्यात चालेल. करारात लवादाचं कलम आहे म्हणून घाबरू नका. ते कलम ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. संध्याकाळी तीन दिवस कोर्ट बाहेरच्या प्रशिक्षकाला भाड्याने दिलंय. ठेकेदार म्हणणार, हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही. इथे मुख्य हेतू काय, हे पाहिलं जातं. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या. तो व्यापारी हेतू नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. तुमचं कोर्ट सभासदांच्या मुलांसाठी बांधलं आणि भाडं देखभाल खात्यात जातं, हे ठराव आणि हिशेबातून दाखवता आलं पाहिजे. तो हिशेब वेगळा ठेवला नसेल तर आत्ताच करा.

मुदत दोन वर्षांची आहे. फुगे दिसल्यापासून मोजायची की काम संपल्यापासून, यावर वाद होऊ शकतो, म्हणून मी मे महिनाच धरीन. नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

राखीव रक्कम देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या करारात ती "दोष दूर करून दिल्यानंतर" देय आहे आणि तुमची पहिली लेखी तक्रार हमीच्या वर्षाच्या आतली आहे. पण गप्पही बसू नका. नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. पाहणी झाली की अहवालानुसार लागणारी दुरुस्ती मात्र लांबवू नका. नुकसान कमी करण्याचा मार्ग हाती असताना तो वापरला का, हे भरपाई ठरवताना भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे पाहिलं जातं. तोवर कोर्टला कुलूप आणि सूचना फलक लावा. पोपड्यावरून घसरून एखाद्या मुलाचा हात मोडला, तर धोका माहीत असून खेळू दिलं म्हणून संस्थेलाच जबाब द्यावा लागेल. स्पर्धा यंदा दुसरीकडे घ्या, मुलं समजून घेतील.

ज्यांना कोर्ट बिल्डरने सुविधा म्हणून दिलंय, त्यांचा मार्ग निराळा: रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कामाचा दोष त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

ठेकेदार तडजोडीला आला तर स्वागत करा, पण तोंडी काही नको. जुना थर पूर्ण काढणे, ओलाव्याची चाचणी अभियंत्यासमोर करणे, काम पूर्ण झाल्यापासून नवी एक वर्षाची हमी, आणि राखीव रक्कम एक पावसाळा गेल्यावर, हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गेट उघडू नका.