दोघांनी मिळून वजन उतरवताना

तुम्ही नवरा-बायकोने एकत्र वजन उतरवायला सुरुवात करायचे ठरवले, हे फार चांगले झाले. पुरुषांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण सहसा जास्त असल्याने पहिल्या काही आठवड्यांत नवऱ्याचे वजन अनेकदा लवकर उतरते, आणि बायकोचे मात्र पाळीच्या आसपास पाणी साठून थोडे वाढूही शकते. म्हणून ‘माझे उतरले, तुझे का नाही?’ हा प्रश्न घरात येऊच देऊ नका, कारण पुष्कळ जोडप्यांचा उत्साह तिथेच मावळतो. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे.

सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- स्वयंपाक दोघांचा एकच असावा. फोडणीचे तेल मोजून घाला. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात.
- एकमेकांच्या ताटावर पहारा नको. दुसरी पोळी घेताना ‘पुन्हा?’ असे कानावर पडले की माणूस चोरून खाऊ लागतो.
- रात्री जेवणानंतर दोघे चालायला जा आणि तेवढा वेळ वजनाचा विषय काढू नका. निवांत बोलण्याची ही संधी मला सर्वांत मोलाची वाटते.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा. उपवासाचे प्रकार आणि प्रथिनांचे हिशेब तूर्त बाजूला राहू द्या.